तिरोडीची खाण कशाच्या आत? एकात एक ऑब्जेक्टचे एक्सएमएल करताना

तिरोडीची मँगनीज खाण कशाच्या आत आहे? बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात, हे सरळ उत्तर. नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉयलच्या हिशेबात ती कंपनीच्या आत येते. मालगाडीच्या नोंदीत तिची जागा तुमसर रोड–तिरोडी या रेल्वेशाखेवर आहे, आणि भूगर्भशास्त्राच्या नकाशात सौंसर खडकसमूहाच्या पट्ट्यात. चारही उत्तरे खरी आहेत. प्रोग्राममध्ये ती चारही एकाच वेळी नांदतात, कारण एकाच ऑब्जेक्टकडे हव्या तितक्या ठिकाणांहून बोट दाखवता येते. एक्सएमएलमध्ये तसे चालत नाही. तिथे प्रत्येक एलिमेंटला एकच पालक असतो आणि सगळ्यांच्या वर एकच मूळ एलिमेंट. एकात एक गुंतलेल्या ऑब्जेक्टचे एक्सएमएल करताना गाडी अडते ती इथे. टॅग उघडणे-मिटणे हे काम लायब्ररी करून देते.

म्हणून या लेखात कोडआधी आराखडा आहे आणि आराखड्यालाच जास्त जागा दिली आहे. उदाहरण तिरोडी पट्ट्यातल्या खाणींचे घेतले आहे. खाणींची नावे, जागा आणि इतिहास खरा आहे. रवानगीच्या तारखा, टन आणि टक्के तेवढे नमुन्यापुरते.

जेसॉन आल्यावर एक्सएमएल शिकायचेच कशाला, असे विद्यार्थी विचारतात. कटंगी, तुमसर किंवा बालाघाटच्या बाजारात हिशेबाचे काम करणाऱ्याला याचे उत्तर माहीत असते: टॅलीत बाहेरून व्हाउचर भरायची तर एक्सएमएल फाइल हा रुळलेला मार्ग आहे. एक्सेलची आजची फाइल उघडून पाहिली तर ती आतून एक्सएमएलच्या अनेक फाइलींचे झिप केलेले गाठोडे असते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१०-११ या आर्थिक वर्षापासून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ताळेबंद एक्सबीआरएलमध्ये द्यावे लागतात, आणि एक्सबीआरएल हे एक्सएमएलवरच उभे आहे. मॉयल बाजारात आली डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे तिलाही हे लागू. १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने शिफारस म्हणून जाहीर केलेले हे रूप अजून रोजच्या कामात आहे.

कोण कोणाच्या पोटात, कोण फक्त उल्लेखापुरते

पहिली पायरी कागदावरची. तुमच्या प्रोग्राममध्ये कोणकोणती ऑब्जेक्ट आहेत ती लिहून काढा: कंपनी, खाण, जिल्हा, राज्य, रवानगी, ग्रेड, रेल्वे स्थानक. मग प्रत्येक जोडीसाठी एक प्रश्न विचारा. बाहेरची वस्तू पुसून टाकली तर आतली उरते का?

एखाद्या खाणीची नोंद पुसली तर त्या खाणीतून गेलेल्या मालाच्या रवानगीची वेगळी नोंद ठेवण्यात अर्थ उरत नाही. म्हणजे रवानगी खाणीच्या पोटात. पण खाणीची नोंद पुसली म्हणून बालाघाट जिल्हा नाहीसा होत नाही. त्याच जिल्ह्यात उकवा आहे, सीतापटोर आहे, बालाघाट या नावाचीच मोठी अंडरग्राउंड खाण आहे. म्हणून जिल्हा खाणीच्या पोटात टाकायचा नाही. खाणीने त्याचा फक्त उल्लेख करायचा.

मग उलट करावे का? राज्याच्या आत जिल्हा, जिल्ह्याच्या आत खाण? वरवर पाहता हे फार सुबक दिसते. मध्य प्रदेशाच्या आत बालाघाट आणि त्यात चार खाणी. महाराष्ट्राच्या आत भंडारा, त्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला. नागपूर, त्यात कांद्री, मनसर, गुमगाव, बेलडोंगरी. नवशिके हमखास हाच आराखडा निवडतात, आणि मी तो निवडू नका असे सांगेन. कारण या भागाच्या इतिहासातच आहे. इथले मँगनीज काढायला १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभे राहिले तेव्हा बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे तिन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १९५० मध्ये त्याच मुलखाला मध्य प्रदेश हे नाव मिळाले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, आणि १ मे १९६० ला नागपूर-भंडारा महाराष्ट्राचे झाले. खाणी आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. जुनी नोंद राज्याच्या पोटात बांधून ठेवली असती तर मधल्या प्रत्येक वळणावर अख्खी फाइल मोडून पुन्हा रचावी लागली असती. 

कंपनीचेही बदल झाले. सिंडिकेटची पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली. १९६२ मध्ये तिची मालमत्ता घेऊन मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड निघाली. त्यात ५१ टक्के भाग केंद्र आणि दोन्ही राज्य सरकारांचा होता आणि ४९ टक्के जुन्या कंपनीचा. १९७७ मध्ये तो ४९ टक्केही सरकारने घेतला. २०१० मध्ये नाव नुसते मॉयल लिमिटेड झाले. तरीही खाण कंपनीच्या पोटात ठेवणे मला योग्य वाटते, कारण ही फाइल कंपनीची आहे. ती कंपनीच तयार करते, तिच्याच हिशेबासाठी. फाइल कोणासाठी आणि कशासाठी, यावर मूळ एलिमेंट ठरते. हीच माहिती रेल्वेसाठी काढायची असती तर मूळ एलिमेंट रेल्वेशाखा झाले असते आणि खाण त्यात उल्लेखापुरती आली असती.

नाव वेगळे, ओळख वेगळी

उल्लेख करायचा तर ओळख लागते. नावावर विसंबू नका. ‘बालाघाट’ हे जिल्ह्याचे नाव आहे, गावाचे आहे आणि खाणीचेही आहे. त्याच खाणीला लोक भरवेली म्हणतात. तिरोडीने तर एका खनिजालाही नाव दिले होते. इथे सापडलेल्या मँगनीजयुक्त अँफिबोलचे वर्णन डन आणि रॉय यांनी १९३८ मध्ये ‘तिरोडाइट’ म्हणून केले. १९९७ च्या नव्या वर्गीकरणात ते नाव मागे पडले. खडक तोच राहिला, पण ज्या फाइलींमध्ये ‘तिरोडाइट’ हीच चावी होती त्या नव्या यादीशी जुळेनाशा झाल्या.

म्हणून प्रत्येक खाणीला, जिल्ह्याला, स्थानकाला एक ओळख द्या: ख१, ख२, ज१, ज२. ती अक्षराने सुरू करा. आराखडा तपासणाऱ्या एक्सएसडीत ओळखीसाठी जो खास प्रकार आहे, त्यात आकड्याने सुरुवात चालत नाही. ओळखीत अर्थ भरू नका. ‘मप्र-बाला-तिरोडी’ अशी ओळख केली की नावाचे सगळे त्रास तिच्यात उतरतात.

एक्सबीआरएल नेमके हेच करते, आणि म्हणूनच ते पाहण्यासारखे आहे. विक्रीचा किंवा नफ्याचा आकडा कंपनीच्या आत, तिमाहीच्या आत, विभागाच्या आत असा खोल पुरलेला नसतो. आकडे बहुतांशी एका पातळीवर असतात, आणि प्रत्येक आकडा एका ‘संदर्भा’कडे आणि एका ‘एकका’कडे ओळखीने बोट दाखवतो. कंपनी कोणती आणि काळ कोणता, ते संदर्भात. रुपये की आणखी काही, ते एककात. ताळेबंदासारखी गुंतागुंतीची गोष्ट इतक्या सपाट रचनेत मावते, हे पाहिले की खोल घुसण्याचा मोह कमी होतो.

आता नमुना. आकडे छापण्यासाठी देवनागरीत घेतले आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ते कसे असावेत ते पुढे येईल.

<कंपनी आराखडा="१">
  <नाव>मॉयल लिमिटेड</नाव>
  <जिल्हे>
    <जिल्हा ओळख="ज१">
      <नाव>बालाघाट</नाव>
      <राज्य>मध्य प्रदेश</राज्य>
    </जिल्हा>
    <जिल्हा ओळख="ज२">
      <नाव>भंडारा</नाव>
      <राज्य>महाराष्ट्र</राज्य>
    </जिल्हा>
  </जिल्हे>
  <खाणी>
    <खाण ओळख="ख१" जिल्हा="ज१">
      <नाव>तिरोडी</नाव>
      <पद्धत>ओपनकास्ट</पद्धत>
      <रवानग्या>
        <रवानगी>
          <तारीख>२०२४-०२-१४</तारीख>
          <वजन एकक="टन">५८.४०</वजन>
          <मँगनीज_टक्के>३६.५</मँगनीज_टक्के>
        </रवानगी>
      </रवानग्या>
    </खाण>
    <खाण ओळख="ख२" जिल्हा="ज१">
      <नाव>बालाघाट</नाव>
      <इतर_नावे>
        <इतर_नाव>भरवेली</इतर_नाव>
      </इतर_नावे>
      <पद्धत>अंडरग्राउंड</पद्धत>
      <रवानग्या/>
    </खाण>
  </खाणी>
</कंपनी>

हे चालणारे एक्सएमएल आहे. टॅगची नावे देवनागरीत ठेवायला एक्सएमएलची पहिल्यापासून मुभा आहे. फक्त नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून ‘इतर_नावे’ असा अधोरेख. फाइल टॅलीला किंवा सरकारी पोर्टलला द्यायची असेल तर टॅग घेणाऱ्याचे, त्यात आपली निवड नाही. पण शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या नोंदी असतील तर मराठी टॅग जरूर ठेवा. वाचणाऱ्या माणसाला कळतील असे टॅग ही एक्सएमएलची मोठी सोय आहे, आणि ती आपल्या भाषेत वापरायला काहीच आडकाठी नाही.

एलिमेंट की ॲट्रिब्यूट

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एवढे पाळले तर पुरते: ओळख, उल्लेख, एकक, आराखड्याचा क्रमांक ही वस्तूविषयीची खूण, ती ॲट्रिब्यूटमध्ये, बाकी सगळी माहिती एलिमेंटमध्ये. एका एलिमेंटवर एकाच नावाचे ॲट्रिब्यूट दोनदा येत नाही आणि त्यांच्या क्रमाला अर्थ नसतो, म्हणून ज्या गोष्टी उद्या एकाच्या दोन होऊ शकतात त्या तिथे ठेवू नका. आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. ॲट्रिब्यूटमधली नवी ओळ तशीच लिहिली असेल तर फाइल परत वाचताना ती साधी मोकळी जागा होऊन जाते. शेऱ्यात दोन ओळी असतील तर शेरा एलिमेंटमध्येच हवा.

याद्या

यादीसाठी दोन टॅग ठेवा: बाहेर अनेकवचनी वेष्टन, आत प्रत्येक घटकासाठी एकवचनी टॅग. वेष्टन टाळले की दोन अडचणी येतात. यादी रिकामी असेल तर फाइलीत तिचा पत्ताच राहत नाही, मग वाचणाऱ्याला कळत नाही की यादी रिकामी होती की कुणी ती लिहायला विसरले. आणि यादीत एकच घटक असेल तर परत वाचणाऱ्या काही लायब्ररी त्याला यादी न समजता एकटा ऑब्जेक्ट समजतात. बालाघाट खाणीची ‘इतर नावे’ पाहा. आज तिथे भरवेली हे एकच नाव आहे, म्हणूनच वेष्टन हवे.

एकवचन लायब्ररीवर सोडू नका. इंग्रजी नावांच्या शेवटचे अक्षर काढून एकवचन बनवणारी साधने मिळतात. खाणी–खाण, जिल्हे–जिल्हा, रवानग्या–रवानगी, रेक–रेक या जोड्या त्यांना जमणार नाहीत. एक छोटा तक्ता करून प्रोग्राममध्ये ठेवा.

शून्य, रिकामे आणि माहीत नाही

पावसाळ्यात उघड्या खाणीत पाणी साचते. समजा एखाद्या महिन्यात तिरोडीहून माल गेलाच नाही. नोंदीत काय लिहाल? रवानगी शून्य टन, ही एक माहिती आहे. अहवाल अजून आलेला नाही, ही वेगळी गोष्ट. आणि अंडरग्राउंड खाणीसाठी ‘बेंचची उंची’ हा रकानाच लागू नाही, ही तिसरी. प्रोग्राममध्ये या तिन्हींसाठी बऱ्याचदा एकच ‘काहीच नाही’ वापरलेले असते. एक्सएमएल करताना तिन्ही वेगळी ठेवायची ही शेवटची संधी असते.

माझा आग्रह असा. शून्य असेल तर एलिमेंट लिहा आणि आत शून्य. लागू नसेल तर एलिमेंट लिहूच नका. माहिती यायची असेल तर एलिमेंट लिहा, आत काही नको आणि त्यावर ‘निरंक’ दाखवणारे ॲट्रिब्यूट ठेवा. एक्सएसडीत त्यासाठी ठरलेली सोय आहे. नुसते रिकामे एलिमेंट ‘रिकामा मजकूर’ म्हणून वाचले जाते. वजनाच्या ठिकाणी ते आले तर तपासणीत फाइल नापास होते, आणि ती नापास झाली तर बरेच म्हणायचे. तपासणी नसेल तर कुणाच्या तरी बेरजेत ते शून्य होऊन बसते, आणि महिन्याच्या विवरणपत्रात खाण बंद होती असे दिसू लागते.

आकडे, तारखा आणि जुने फॉन्ट

एक्सएमएलमध्ये सगळे अखेर मजकूरच असते, म्हणून प्रत्येक प्रकारासाठी लिखाणाचे एक रूप ठरवून टाका. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. वजनात स्वल्पविराम नाही. लाखाचा स्वल्पविराम माणसाला सोयीचा, प्रोग्रामला नाही. रुपये आणि टन दशांश प्रकारात ठेवा. दोनच्या आधारावर चालणाऱ्या अपूर्णांकात ठेवलेत तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि रॉयल्टीच्या हिशेबात तो शेपटाचा आकडा कुणाला तरी समजावत बसावे लागते.

आता देवनागरी अंकांचे. पायथन ‘१२’ हा मजकूर बिनतक्रार बारा म्हणून वाचतो, त्यामुळे आपल्या प्रोग्राममध्ये सगळे ठीक चालते. एक्सएसडीचे संख्या आणि तारीख हे प्रकार मात्र फक्त इंग्रजी अंक ओळखतात. म्हणून फाइलीत ज्यांची बेरीज-वजाबाकी व्हायची ते आकडे इंग्रजी अंकांत लिहा. शेऱ्यातले, पत्त्यातले, नावातले अंक देवनागरीत राहू द्या.

मराठी मजकुरात आणखी एक धोका आहे, आणि इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात तो सहसा सापडत नाही. पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी दोन अक्षरे आतून वेगळी असू शकतात. ‘ॲ’ हे एकच युनिकोड अक्षर म्हणून टाइप करता येते, किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’ यांतला अर्धा ‘र’ एका कीबोर्डवर ‘ऱ’ आणि हलन्त असा उमटतो, दुसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. टॅगच्या नावात हे झाले की उघडणारा टॅग आणि मिटणारा टॅग डोळ्यांना एकच दिसतात आणि संगणक सांगतो की जुळत नाहीत. अशी अक्षरे असलेली नावे टॅगला देऊ नका, किंवा सगळी टॅग-नावे एकाच ठिकाणी लिहून तिथूनच प्रोग्रामभर वापरा. मजकुरासाठी युनिकोडचे सामान्यीकरण करून घ्या. त्याने काही जोड्या सरळ होतात. वर सांगितलेल्या दोन मात्र होत नाहीत, त्या स्वतःच्या तक्त्याने बदलाव्या लागतात.

जुनी कागदपत्रे कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर आधी त्यांचे युनिकोड करा. मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत आणि विदर्भातल्या छापखान्यांत अशा फायलींचे ढीग आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी-हिंदी दिसते, पण आत साठलेली अक्षरे रोमन असतात. त्यांचे एक्सएमएल केले तर फाइल प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण होईल आणि आत वाचण्याजोगा एक शब्द नसेल. जुन्या प्रणालींतून उतरवलेल्या मजकुरात कधी कधी अदृश्य नियंत्रक अक्षरेही येतात. त्यांतली टॅब आणि नव्या ओळीची दोन सोडून बाकी बरीचशी एक्सएमएल १.० मध्ये बेकायदा आहेत. ती लिहिण्याआधी गाळून टाका.

आता कोड

आराखडा पक्का झाला की रूपांतराचा गाभा फार लहान असतो. स्वतःलाच पुन्हा बोलावणारे एक फंक्शन:

लिही(नाव, मूल्य)
  मूल्य लागू नसेल: काही न लिहिता परत जा
  मूल्य यायचे असेल: टॅग लिही, निरंक खूण लाव
  मूल्य साधे असेल: टॅग उघड, ठरलेल्या रूपात मजकूर लिही, टॅग मिट
  मूल्य उल्लेख असेल: फक्त त्याची ओळख लिही
  मूल्य यादी असेल: वेष्टन उघड, प्रत्येक घटकासाठी लिही(एकवचन, घटक), वेष्टन मिट
  मूल्य ऑब्जेक्ट असेल: टॅग उघड, प्रत्येक गुणधर्मासाठी लिही(त्याचे नाव, त्याचे मूल्य), टॅग मिट

‘उल्लेख’ ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. ती नसेल तर काय होते पाहा. प्रोग्राममध्ये कंपनीकडे खाणींची यादी असते आणि सोयीसाठी प्रत्येक खाणीकडे आपली कंपनी कोणती याची नोंद असते. फंक्शन कंपनी लिहायला घेते, तिच्यात तिरोडी, तिरोडीत पुन्हा कंपनी, तिच्यात पुन्हा तिरोडी. पायथन अशा वेळी साधारण १००० पातळ्या खोल गेल्यावर थांबून चूक दाखवतो. डॉटनेटचा एक्सएमएल सिरियलायझर असे वर्तुळ सापडले की लिहायलाच नकार देतो. वर्तुळ तोडायचे कुठे, हे कागदावरच्या आराखड्याने आधीच ठरवलेले असते: खाणीकडून कंपनीकडे जाणारा धागा लिहायचाच नाही, कारण खाण तिच्या पोटातच आहे. तरीही सुरक्षेसाठी फंक्शनला आतापर्यंत उघडलेल्या ऑब्जेक्टची यादी जवळ बाळगू द्या; त्यातलेच एखादे पुन्हा समोर आले तर त्याने स्पष्ट संदेश देऊन थांबावे.

टॅग हाताने, अक्षरे जोडून लिहू नका. एखाद्या ठेकेदाराच्या नावात ‘आणि’चे इंग्रजी चिन्ह किंवा शेऱ्यात ‘<’ आले की फाइल मोडते. लायब्ररी अशा चिन्हांच्या जागी सुरक्षित खुणा आपोआप घालते. पायथनमध्ये सोबतच येणारे एलिमेंटट्री पुरेसे आहे. आराखडा तपासणी हवी असेल तर एलएक्सएमएल घ्या. जावाच्या जुन्या पुस्तकांत जॅक्सबी सापडेल. जावा ११ पासून ते सोबत येत नाही, वेगळे जोडावे लागते.

एलिमेंटट्री वापरणाऱ्या मराठी माणसाने एक सूचना विसरू नये: लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्वतः सांगा. न सांगितल्यास ते फक्त इंग्रजी अक्षरसंच धरते आणि प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड आकडा टाकते. ‘त’च्या जागी २३४०. मजकुरात ते निभावते, कारण वाचणारा प्रोग्राम आकड्याचे अक्षर करून घेतो. टॅगच्या नावातही तेच आकडे घुसतात तेव्हा फाइल एक्सएमएलच राहत नाही. मराठी टॅग चालतच नाहीत असा समज पसरण्याचे हे एक कारण असावे. दोष टॅगचा नसतो, एक सूचना राहिलेली असते.

ओळी आत सरकवून सुबक मांडणी फक्त माणसांनी वाचायच्या प्रतीत करा. मांडणीसाठी घातलेली मोकळी जागा हीसुद्धा मजकुरातच मोडते. वर्षभराच्या रवानग्यांसारखी नोंद मोठी असेल तर सगळे झाड मेमरीत उभे करू नका, एकेक रवानगी लिहीत फाइलीत सोडत जा.

टॅलीसाठी लिहीत असाल तर तिथली पद्धत तिथलीच पाळावी लागते. व्हाउचरच्या आत खात्यांच्या नोंदींची यादी असते, आणि नावे बाजूची रक्कम उणे चिन्हाने जाते. तुमच्या प्रोग्राममध्ये सगळ्या रकमा अधिक असतील तर चिन्ह बदलण्याचे काम याच टप्प्यावर, साध्या मूल्याच्या ओळीत करा. ते ऑब्जेक्टमध्ये करून ठेवले तर तुमचे बाकीचे अहवाल उलटे होतील.

परत वाचून पाहणे

फाइल तयार झाली की तीच वाचून पुन्हा ऑब्जेक्ट बनवा आणि मूळ ऑब्जेक्टशी ताडून पाहा. दुसऱ्याकडून आलेली फाइल वाचायची असेल तर बाहेरच्या फाइली ओढून आणणारी एंटिटीची सोय आधी बंद करा. ताडण्यासाठी चांगली, गुळगुळीत नोंद घेऊ नका. मुद्दाम खाचखळग्यांची घ्या. एक खाण रवानगी नसलेली, एक नेमकी एक रवानगी असलेली. एक रवानगी शून्य टनांची, एक अहवाल न आलेली. एक शेरा दोन ओळींचा, त्यात ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’, आणि शेवटी ‘<’. ‘बालाघाट’ नावाचा जिल्हा आणि ‘बालाघाट’ नावाची खाण दोन्ही. त्याच जिल्ह्याकडे बोट दाखवणाऱ्या किमान दोन खाणी, म्हणजे परत वाचल्यावर दोघींना एकच जिल्हा मिळतो की दोन वेगवेगळ्या प्रती, ते दिसेल.

यातले जे जुळणार नाही ते कोडमध्ये ठिगळ लावून दुरुस्त करण्याआधी कागदावरच्या आराखड्याकडे जा. तिथे ती गोष्ट पोटात ठेवली होती की उल्लेखापुरती, ते पाहा. आराखडा बदलावा लागला तर मूळ एलिमेंटवरचा ‘आराखडा’ हा क्रमांक एकाने वाढवा, जुन्या क्रमांकाच्या फाइली वाचणारा कोड तसाच ठेवा, आणि नव्या रूपातली फाइल कुणालाही पाठवताना तिचे एक्सएसडी सोबत द्या.